बॉडी ऑफ! जीपचा टब फ्रेमवरून उतरवताना

जुनी जीप रिस्टोअर करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी रंग येतो. पण रंगाच्या कितीतरी आधी एक मोठी पायरी असते. बॉडी, म्हणजे टब, फ्रेमवरून पूर्ण उतरवणे. एवढा खटाटोप कशासाठी?

मारुती ८०० सारख्या मोनोकॉक गाडीत बॉडी हाच सांगाडा असतो. महिंद्राने १९४० च्या दशकाअखेरीस जुळवायला घेतलेली विलीज जीप मात्र लॅडर फ्रेमवर बांधलेली. शिडीसारखी दोन लांब सी-चॅनेल आणि त्यांना जोडणारे क्रॉस-मेंबर. सेकंड इयरचं आठवा: उघडं सेक्शन टॉर्शनला कमजोर! एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की फ्रेम थोडी पिळली जाते. त्या पिळाने पत्रा फाटू नये म्हणून बॉडीच्या बोल्टांपाशी पॅकिंग देतात. नेमकं याच फटींत चिखल साचतो, गंज धरतो आणि वरून काहीच कळत नाही. टब न उतरवता रंग दिला तर गंज तसाच आत राहतो.

आता क्रम बघू. आधी बॅटरी काढा, निगेटिव्ह टर्मिनल पहिलं. मग पेट्रोलची टाकी. विलीजमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे ती बाहेर नेल्याशिवाय वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवायचं नाही. त्यानंतर वायरिंग, स्पीडोमीटर आणि चोकच्या केबल, हँडब्रेक. प्रत्येक जोडाचा फोटो घ्या, चिठ्ठी लावा. स्टिअरिंग व्हील पुलरने काढा आणि डॅशबोर्डवरचा ब्रॅकेट सोडा. कॉलम खाली फ्रेमवरच राहतो. गिअरचे लिव्हर आणि पेडल फ्लोअरमधून वर येतात, तेही मोकळे करा.

बॉडीचे बोल्ट आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवा. तरीही हलले नाहीत तर सरळ कापा, कारण जोर लावून पिळले तर भोवतीचा पत्राच फाटतो. कुठल्या बोल्टखाली किती पॅकिंग होतं तेही लिहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: पत्रा सडला असेल तर उचलण्याआधी चढण्या-उतरण्याच्या कापांमध्ये आडवे अँगल वेल्ड करा. नाहीतर उचलताना टब मधोमध वाकतो आणि परत बसवताना एकही भोक जुळत नाही! मग चेन-पुलीने हळूहळू वर घ्या. दर दोन-चार इंचांनी थांबून काही अडकलंय का ते बघा. लटकत्या टबखाली कोणीही जायचं नाही.

टब उतरला की आधी टेप काढा. फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर फ्रेम तिरकी झाली आहे. ती सरळ करणं आधी, रंग नंतर. माउंटपाशी हातोडीने ठोकून बघा. जिथे आवाज बद्द येतो तिथे लोखंड पोखरलेलं असू शकतं. आणि घासताना चॅसिस नंबर जपा, कारण आरसी बुकवर तोच असतो.

तर मग, पुढच्या वेळी चकाचक रंगवलेली जुनी जीप दिसली की एकदा वाकून खालून बघाच!