दुरून उघडणारी वही

मुंबईहून कर्जतकडे जाताना कल्याण मागे पडले, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके लागतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. हाती भांडवल नसलेल्या त्या माणसांनी मिळेल त्या जागेत लहानसहान उद्योग मांडले. आज तेथे जीन्सचे कपडे शिवणारे, लाकडी सामान बनवणारे व विकणारे कितीतरी छोटे व्यावसायिक आहेत. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत. त्यांतही मोठ्या कारखान्यांच्या शेजारी लहान कारखाने उभे आहेत.

अशा व्यवसायात माणसे थोडी आणि कामे फार. मालकच खरेदीला जातो, तोच वसुली करतो, तोच कारागिरांवर देखरेख ठेवतो. त्याची जुनी अडचण अशी, की हिशेबाची वही दुकानात गल्ल्यापाशी असे. तो मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात कापड घेण्यास गेला आणि व्यापाऱ्याने मागील बाकी विचारली, तर नक्की आकडा सांगण्यास त्याला उल्हासनगरला परतावे लागे. पुढे वहीच्या जागी संगणक आला. अक्षर सुवाच्य झाले, बेरजा अचूक झाल्या. पण संगणकही दुकानातच! माणसाला वहीकडे जावे लागे, ते चुकले नाही.

ही अडचण दूर केली ती संगणकांच्या जाळ्याने. दूरच्या ठिकाणाहून आपल्या जाळ्यात शिरून तेथील संगणकावर काम करणे, यास दूरस्थ प्रवेश म्हणतात. ही कल्पना इंटरनेटइतकीच जुनी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड येथील संगणकात शिरण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टंकायचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि यंत्रणा बंद पडली! साधारण तासाभराने मात्र प्रयत्न सफल झाला.

आता हे घडते कसे, ते पाहू. समजा, कारखाना अंबरनाथला आहे आणि हिशेबनीस बदलापूरला राहतो. तो घरच्या संगणकावर आपले नाव व परवलीचा शब्द टंकतो. कारखान्यातील यंत्रणा ती ओळख पडताळते आणि मगच त्याला आत घेते. मध्यंतरी ही माहिती सार्वजनिक जाळ्यातून जाते; म्हणून ती सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठवतात. वाटेत कोणी ती पकडली, तरी त्याला अर्थ लागत नाही. अशा गुप्त वाटेला व्हीपीएन म्हणतात.

लाभ छोट्या गोष्टींतच अधिक दिसतो. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवताना, २०१८ च्या एप्रिलपासून, गाडीबरोबर ई-वे बिल लागते. रात्री गाडी भरून उभी राहिली आणि हिशेबनीस घरी गेलेला असला, तर पूर्वी सकाळपर्यंत खोळंबा झाला असता. आता तो घरूनच कारखान्याच्या वहीतील बीजक पाहून ते बिल तयार करू शकतो. मोठ्या कंपनीला रात्रपाळीचा कारकून परवडतो, छोट्या कारखानदाराला परवडत नाही. म्हणून या सोयीचे मोल त्यालाच अधिक. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे उपनगरी गाड्या बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या वह्या दुरून उघडत होत्या, त्यांना घरी बसून बाकीचा तपशील पाहता येत होता. शिलाईयंत्रे मात्र दुरून चालत नाहीत, ती थांबलीच. शिवाय या सोयीमुळे कारखाना रात्रीच्या जेवणाच्या ताटापाशीही येऊन बसतो, हे घरच्या मंडळींना विचारावे!

कारखान्यातील संगणकाची वीज गेली, तर दूरचा प्रवेशही खुंटतो. पाणी शिरले, तर वहीच बुडते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. सुमारे हजार प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. अशा खोऱ्यात हिशेबाची एक प्रत दूरच्या संगणकगृहात भाड्याच्या जागेत ठेवणे शहाणपणाचे होय.

जी वाट मालकाला आत नेते, ती चोरालाही नेऊ शकते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेला संगणकीय विषाणू एकमेकांना जोडलेल्या जाळ्यांतून जगभर पसरला आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणून परवलीच्या शब्दाच्या जोडीला मोबाइलवर येणारा तात्पुरता क्रमांकही मागतात. कारागिराला हजेरीपुरता आणि हिशेबनिसाला हिशेबापुरताच प्रवेश देतात. नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा लागतो. गल्ल्याची किल्ली परत मागण्यास कोणी विसरत नाही. ही किल्ली दिसत नाही, म्हणून ती वर्षभर त्याच्याकडेच राहून जाते.