घर की संस्था?

निराधार मुलांचे छोटे घर बाभुळगावसारख्या नगरपंचायतीच्या गावात राहत्या वस्तीत उघडायचे झाल्यास दोन निरनिराळ्या कायद्यांशी गाठ पडते. बाल न्याय अधिनियम, 2015 समूह प्रतिपालकत्वाला, म्हणजे पालकांचे छत्र नसलेल्या मुलांना वसतिगृहाऐवजी कुटुंबासारख्या लहान घरात वाढवण्याच्या व्यवस्थेला, मान्यता देतो आणि मुलाला कोठे ठेवायचे हा निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे सोपवतो. जमिनीचा व इमारतीचा वापर मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कक्षेत येतो. खरी मेख वर्गीकरणात आहे. राष्ट्रीय इमारत संहिता राहती घरे निवासी गटात ठेवते आणि अनाथालयांना रुग्णालये व तुरुंग यांच्यासह संस्थात्मक गटात बसवते (मुलांना असा शेजार लाभावा, हे विचित्रच), त्यामुळे सात-आठ मुलांचे घर कोणत्या गटात मोजायचे यावर अग्निसुरक्षेपासून बाहेर पडण्याच्या वाटांपर्यंतच्या अटी अवलंबून राहतात.

हाच पेच न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स शहरात उभा राहिला होता. तेथे एक दांपत्य स्वतःच्या दोन मुलांसह दहा प्रतिपालित मुले सांभाळत होते आणि एककुटुंबी घरांच्या विभागात हे चालणार नाही, असे शहराचे म्हणणे होते. परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये रक्ताच्या नात्यापेक्षा घराचे स्थैर्य आणि एकत्र संसार यांना महत्त्व देऊन ते एकच कुटुंब ठरवले.