नाव एक, वह्या पाच



सध्या गट ऑफिसात एक प्रश्न वारंवार कानी येतो. "आमची सगळी माहिती कारखान्याकडं हाय की! मग परत सातबारा न् पासबुक कशाला मागताय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सभासदांना मिळालेच पाहिजे, म्हणून हा लेख.

माहिती कारखान्याकडे आहे हे खरे. पण ती पाच ठिकाणी आहे. शेअर विभागात भागधारकांचे रजिस्टर, शेतकी खात्यात ऊस नोंद, काट्यावर वजनाची नोंद, अकौंटस् खात्यात बिल व बँक खाते, आणि खत-बियाण्यांच्या उधारीची वही आणखी निराळी. प्रत्येक खात्याने आपल्या सोयीने नाव लिहिले. शेअर रजिस्टरला दत्तात्रय, सातबाऱ्यावर दत्तू, बँकेत दत्ताजी. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तिघेजण! उलटेही होऊ शकते. एकाच गावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सारखेच असलेले दोघे असतात, आणि हंगामाच्या घाईत एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढू शकतो.

खतावणीचेच नवे रूप

आता सर्व खात्यांचे काम ईआरपी नावाच्या एकाच संगणक प्रणालीवर आणले जात आहे. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशेब, पगार, ऊस बिल हे सारे एका धाग्यात ओवणारी व्यवस्था. ही कल्पना कारखानदारीत जुनीच आहे. अशी प्रणाली बनविणारी सॅप ही जर्मन कंपनी 1972 साली निघाली, आणि 'ईआरपी' हे नाव 1990 साली रूढ होऊ लागले.

परंतु धागा ओवण्याआधी मणी नीट पाहिजेत. कीर्द-खतावणी ज्यांनी लिहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. कीर्दीत रोजचे व्यवहार येतात, खतावणीत ज्याच्या-त्याच्या नावाचे पान असते. आजची वजन पावती हा व्यवहार. सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, बँक खाते ही मूळ नोंद. मूळ नोंद एकदाच करायची, ती कोणी सांभाळायची हे ठरवायचे, आणि सर्व खात्यांनी तीच वापरायची, ह्या कामाला 'मास्टर डेटा मॅनेजमेंट' म्हणतात. खतावणीत एकाच माणसाची तीन पाने असतील, तर कीर्द कितीही सुबक लिहिली तरी बाकी जुळणार नाही.

नुकसान कोणाचे?

आधी पैशाचे बघू. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याजाची तरतूद आहे. समजा 60 टन ऊस गेला आणि दर टनाला 3,000 रुपये धरला, तर बिल 1,80,000 रुपयांचे. ह्या रकमेचे 15 टक्क्यांनी व्याज दिवसाला सुमारे 74 रुपये होते. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला तर रक्कम परत येते किंवा भलत्याच खात्यात जाते, आणि सभासद हेलपाटे घालीत बसतो.

दुसरे तोडीचे. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवर आणि जातीवर बसवतात. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण आणि जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण एकाच वेळी पक्व होत नाही. तारीख चुकीची असेल तर कोवळा ऊस तुटतो आणि पक्का ऊस तुऱ्यावर येऊन उभा राहतो. दोन्हीकडून उतारा घसरतो. 2024-25 च्या हंगामासाठी एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होती, आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्यास 3.32 रुपये वाढ होती. टनाला ते 33 रुपये 20 पैसे होतात. म्हणजे नोंदवहीतली एक तारीख सर्वांच्याच खिशाला लागते.

तिसरे क्षेत्राचे. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणे गुंठ्यात. 40 गुंठ्यांचा एकर म्हणजे 40.47 आर. फरक लहान, पण एकाने एकर समजून लिहिले आणि दुसऱ्याने हेक्टर समजून वाचले, तर प्लॉट अडीचपट होतो!

स्टोअरची गतही निराळी नाही. 6205 नंबरचे बेअरिंग म्हणजे आतून 25 मिलिमीटर, बाहेरून 52 आणि जाडी 15. कुणी ते 'बेअरिंग 6205' लिहिले, कुणी 'बॉल बेअरिंग 25 मिमी'. माल फडताळात पडून असतो, आणि यंत्र बंद ठेवून तोच माल तातडीने विकत आणावा लागतो.

काम कसे चालले आहे

एक माणूस, एक नंबर, असा नियम आहे. तोच माणूस सभासद, ऊस उत्पादक, वाहतूकदार आणि खताचा उधारकरी असू शकतो. ह्या त्याच्या चार भूमिका झाल्या. नंबर मात्र एकच. सभासद वारल्यास त्याचा नंबर बंद होतो. वारसाला नवा नंबर मिळतो व जुन्याशी जोडला जातो, म्हणजे मागचा हिशेब पुसला जात नाही.

सारख्या दिसणाऱ्या नोंदी संगणक शोधून देतो, परंतु त्या एकत्र करायच्या की नाही हे संगणक ठरवीत नाही. नाव, गाव, गट नंबर आणि बँक खाते ताडून गटाचा कर्मचारी व स्वतः सभासद सही करतात, मगच दोन नोंदींची एक होते. कारण दोन भावांच्या नोंदी चुकून एक झाल्या तर त्या पुन्हा सोडविणे फार जिकिरीचे.

आणि प्रत्येक माहितीला एकच धनी. नाव, शेअर व वारस शेअर विभागाने बदलायचे. प्लॉट, जात व लागण तारीख शेतकी खात्याने. बँक खाते अकौंटसने. इतरांनी पाहावे, हात लावू नये. बँक खात्याचा बदल एकाने भरायचा, दुसऱ्याने तपासायचा. फोनवरून सांगितलेला बदल घेतला जाणार नाही. ह्यात थोडा त्रास आहे, पण तुमच्या पैशाला तेच कुंपण आहे.

सभासदांना विनंती

गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी चालू सातबारा, आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान आणि शेअर सर्टिफिकेट घेऊन गट ऑफिसात यावे. वारस नोंद राहिली असेल तर ती आताच करावी. भाऊबंदकीचा वाद असला तरी तसे सांगावे, लपवू नये. छापील उतारा हातात मिळेल. तो घरी नेऊन पोराबाळांकडून वाचून घ्यावा, आणि चूक दिसल्यास खूण करून परत आणावा. "ऑफिसवाले बघतील" म्हणून सोडू नये. दत्तू आणि दत्तात्रय एकच की दोन, हे कारखान्यापेक्षा दत्तूलाच जास्त ठाऊक!