लेबलवरचे पाच मिलीवॉट

आकाशदर्शनाला बोटाने दाखवलेला तारा समोरच्याला कधीच दिसत नाही. तुमचं बोट शर्मिष्ठेकडे असतं आणि पोरं बघत असतात शेजारच्या घराच्या धुराड्याकडे. "नक्की कुठला, काका?" हा प्रश्न चारदा आला की आपलाच उत्साह मावळतो. म्हणून गेल्या वर्षी न्यू जर्सीच्या आमच्या मंडळाने दिवाळीच्या अमावास्येलगत आकाशदर्शन ठरवलं, तेव्हा हिरवा लेझर आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

मागवले दोन. एक मंडळासाठी, दुसरा साताऱ्याच्या भाच्यासाठी. तो दहा वर्षांचा आहे, आणि डिसेंबरात भारतात जायचंच होतं. किंमत प्रत्येकी बावीस डॉलर. खोक्यातून निघाली वीतभर लांबीची, काळ्या धातूची, हातात छान भरणारी नळी. आत टॉर्चमध्ये असतो तसा रीचार्ज होणारा लिथियम सेल, मागे किल्लीचं कुलूप, आणि पुढे फिरवायची रिंग, म्हणजे फोकस. जाहिरातीत सगळा भर या रिंगवरच होता. पिवळ्या लेबलवर लिहिलं होतं : पाच मिलीवॉटपेक्षा कमी. अमेरिकेत हातातल्या लेझर पॉइंटरला हीच कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

पहिल्या रात्री मागच्या अंगणात तो लावला आणि खरं सांगतो, हरखून गेलो. हातातून निघालेली हिरवी रेघ थेट कृत्तिकांना जाऊन टेकल्यासारखी दिसत होती. हिरवाच का, तर आपला डोळा सगळ्या रंगांना सारखा दाद देत नाही. दिवसा तो ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. हा लेझर ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे त्या शिखराच्या अगदी जवळ. तितक्याच शक्तीचा ६५० नॅनोमीटरचा लाल पॉइंटर त्याच्यापुढे सुमारे आठपट फिका वाटतो. अंधाराला सरावलेला डोळा तर हिरव्याकडे आणखीच झुकतो. हवेतल्या रेणूंवरून आणि धुळीवरून विखुरलेला थोडासा प्रकाश मग आपल्याला सलग रेघेसारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी तळघरात फोकस तपासला. रिंग एका टोकाला फिरवली की एका मीटरवर पोळपाटाएवढं हिरवं वर्तुळ पडतं. उलट फिरवत गेलं की किरण जवळजवळ समांतर होतो. बारा मीटरवरच्या भिंतीवर दीड सेंटिमीटरचा गोल ठिपका मिळाला. दर दहा मीटरला साधारण एक सेंटिमीटर पसरणारा किरण या किमतीला उत्तमच म्हणायचा. रिंग आणखी थोडी फिरवली, तेव्हा किरण वीतभर अंतरावर टाचणीच्या टोकाएवढा एकवटला. तिथे मी सहज एक काडेपेटीची काडी धरली, गुलाला शाईने काळं करून.

तीन सेकंदांत काडी पेटली.

मुलगी टाळ्या पिटायला लागली. माझ्या मात्र पोटात गोळा आला. पाच मिलीवॉटच्या लेझरने काडी पेटत नाही.

आमच्या मंडळातले एक काका विद्यापीठाच्या ऑप्टिक्स प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे शक्ती मोजायचा मीटर होता. दोन्ही लेझर घेऊन गेलो. काकांनी आधी भिंतीवरचा आरसा चादरीने झाकला, मला चष्मा दिला, आणि मगच सेल घालू दिला. मंडळाचा लेझर भरला ११८ मिलीवॉट. लेबलवरच्या आकड्याच्या तेवीसपटीहून जास्त. भाच्यासाठी घेतलेला ९६.

"थांब, यातलं हिरवं किती ते बघू," काका म्हणाले. त्यांनी वाटेत एक फिल्टर ठेवला. आकडा ८४ वर आला. म्हणजे उरलेले ३४ मिलीवॉट प्रकाश असा होता, जो आम्हा दोघांनाही दिसत नव्हता.

हे कुठून आलं? स्वस्त हिरव्या लेझरात बहुधा हिरवा प्रकाश थेट तयारच होत नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण सोडतो. ते एका स्फटिकात शिरून १०६४ नॅनोमीटरचे होतात. दुसरा स्फटिक त्यांची तरंगलांबी नेमकी निम्मी करतो आणि ५३२ चा हिरवा बाहेर पडतो. या उलाढालीत पुष्कळ अवरक्त प्रकाश शिल्लक राहतो. तो अडवायला शेवटी एक छोटा फिल्टर बसवायचा असतो. काही डॉलर वाचवायचे तर आधी वगळला जातो तो हाच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१० साली अशाच एका पॉइंटरबद्दल इशारा दिला होता. त्यातून हिरवा प्रकाश जेमतेम येत होता, पण अवरक्त जवळजवळ २० मिलीवॉट. त्यांनी घरगुती चाचणीही सुचवली होती : एक जुनी सीडी, एक कॅमेरा आणि टीव्हीचा रिमोट. आधी रिमोटचं बटण दाबून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. पडद्यावर रिमोटचा दिवा लुकलुकला, तर त्या कॅमेऱ्याला अवरक्त दिसतं. मग लेझर पुठ्ठ्याच्या भोकातून सीडीवर सोडायचा. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, त्यामुळे ती प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या कोनात परतवते. आमची सीडी पुठ्ठ्यापासून ३० सेंटिमीटरवर होती. हिरवा ठिपका मधल्या भोकापासून साडेदहा सेंटिमीटरवर पडला. साडेसतरा सेंटिमीटरवर नुसत्या डोळ्यांना काहीच नव्हतं, पण फोनच्या पडद्यावर तिथे पांढरा जांभळट ठिपका लख्ख उमटला. तोच ८०८ चा. हा प्रयोग एवढ्या शक्तीच्या लेझरवर घरी करू नका, सीडीवरून परतणारा किरणही घातक असतो. आणखी एक सांगतो, हिरवा अडवणारा चष्मा अवरक्त अडवेलच असं नाही. काकांनी चष्म्यावर छापलेल्या तरंगलांब्या मला वाचायला लावल्या, तेव्हा हे कळलं.

शेवटची चाचणी थंडीची. लेझर तासभर बाहेर ठेवला, पारा पाच अंशांवर. हिरवी रेघ एकदम मंदावली. मीटरवर हिरवा १९, अवरक्त मात्र तब्बल ४१. थंडीत डायोडची तरंगलांबी किंचित सरकते, स्फटिकाला ती नीट शोषता येत नाही, आणि न शोषलेला प्रकाश तसाच बाहेर येतो. आता विचार करा. पोरगं काय करेल? "सेल संपला वाटतं," म्हणून नळीत डोकावून बघेल. झगझगीत प्रकाशाला पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या प्रकाशाला ती मिटत नाही. आणि जळलेला दृष्टिपटल पुन्हा पहिल्यासारखा होईलच याची खात्री नसते.

माझंच नशीब वाईट होतं, असंही नाही. निस्टने १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल्यांपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षा नियमांत बसत नव्हते. विक्रेत्याला मी मीटरचे फोटो पाठवले. उत्तर आलं : अर्धे पैसे परत, वस्तू तुमच्याकडेच ठेवा.

आता फोकसच्या रिंगबद्दल. विकत घेताना मला वाटलं होतं, किरण पसरवला की धोका कमी. पूर्ण पसरवला तर जवळच्याला थोडा कमी, हे खरं. पण आकाशात दाखवायला आपण रिंग फिरवून किरण बारीक करतो. हाच बारीक किरण एक किलोमीटरवर मीटरभर रुंद होतो, पाच किलोमीटरवर पाच मीटर. वैमानिकाला तो ठिपका म्हणून दिसतच नाही, अख्खी काच हिरवी होते, तीही ऐन उतरण्याच्या वेळी. आमच्या गावावरून नेवार्कला उतरणारी विमानं रांगेने जातात. अमेरिकेत २०२३ साली विमानांवर लेझर मारल्याच्या १३,३०४ घटना नोंदल्या गेल्या. या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि "मी तारा दाखवत होतो" म्हणून सुटका होईल या भरवशावर कुणी राहू नये.

तेव्हा माझा अभिप्राय असा. बांधणी दणकट, फोकस अप्रतिम, किरण देखणा, आणि वस्तू घरात ठेवण्याच्या लायकीची नाही. मुलांच्या कार्यक्रमासाठी घ्यायचाच असेल, तर फोकस न बदलणारा, अवरक्त फिल्टर असलेला घ्या, आणि कुणाकडून तरी मोजून घ्या. बटण मोठ्या माणसाच्याच अंगठ्याखाली राहू द्या. दाखवण्याआधी विमानाचे दिवे दिसत नाहीत ना, हे बघायला एक माणूस वेगळा ठेवा.

आमचं आकाशदर्शन झालं. काकांनी त्यांचा जुना पॉइंटर आणला, मीटरवर ४ मिलीवॉट भरलेला. रेघ फिकी होती, पण साठ माणसांनी शर्मिष्ठा बघितली, देवयानी बघितली, कृत्तिका मोजल्या. कुणालाही काही कमी वाटलं नाही. माझे दोन्ही लेझर सेल काढून काकांच्या कुलपात आहेत.

डिसेंबरात साताऱ्याला पोचलो, तर भाचा दारातच. "मामा, लेझर आणलास?" ताईने हळूच माझ्याकडे बघितलं. गणपतीच्या मिरवणुकांतल्या लेझरने लोकांचे डोळे दुखावल्याच्या बातम्या तिने वाचल्या होत्या, फोनवर बोललीही होती. मी बॅगेतून दुर्बीण काढून त्याच्या हातात दिली. तोंड जरा वाकडं झालं. रात्री गच्चीवर गेलो. त्याने दुर्बीण कृत्तिकांवर रोखली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, सहाच नाहीत रे, खूप आहेत."