बिअरवाल्याला वाइनमधलं काय कळतं?

छोट्या कारखान्यात स्वतःच्या पद्धतीने बिअर बनवणारा क्राफ्ट ब्रूअर लोकांना ‘ही वाइन घ्या’ असं सांगू लागला, की प्रतिक्रिया ठरलेली असते: बिअरवाल्याने बिअरपुरतं बोलावं. या समजाला आधार मात्र फारसा नाही. एल प्रकारची बिअर आणि बहुतेक वाइन एकाच जातीच्या यीस्टने आंबतात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसीने. फरक आहे तो त्याआधीच्या टप्प्यात. द्राक्षात साखर आयती असते, तर बार्लीतल्या पिष्टाची साखर ब्रूअरला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात भिजवून करून घ्यावी लागते. लुई पाश्चरने १८६६ मध्ये वाइनवर आणि १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला. पेय बिघडतं कशाने, हा प्रश्न दोन्हीकडे होताच. आज वायनऱ्यांत मोजला जाणारा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, १९०९ मध्ये मांडला गेला तो कोपनहेगनमध्ये, कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत.

ब्रूअरच्या शिफारशीला वजन येतं ते याच बिघाडाच्या ज्ञानामुळे. ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट घ्या. वाइनला तबेल्याचा किंवा ओल्या चामड्याचा वास येतो तो बऱ्याचदा याच्यामुळे. ते प्रथम ओळखलं गेलं १९०४ मध्ये, इंग्लिश बिअरमध्ये आणि तेही कार्ल्सबर्गमध्येच. काही ब्रूअर आजही ते मुद्दाम वापरतात, त्यामुळे तो वास त्यांच्या नाकाच्या रोजच्या ओळखीचा असतो. उजेडाचंही तसंच. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरवर ऊन पडलं की हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधल्या कडू घटकांपासून उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काच वापरण्याचं कारण हेच. वाइनमध्ये हॉप्स नसतात, पण रायबोफ्लेविन आणि मेथिओनिन असतात, आणि त्यांच्यावरही उजेडाचा परिणाम होतो. दुकानाच्या काचेमागे उजेडात उभ्या ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतल्या पांढऱ्या वाइनला त्यामुळे शिजलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो. अशी बाटली नको म्हणणारा ब्रूअर आगाऊपणा करत नसतो. तो त्याच्या धंद्यातलाच धडा असतो.

यावर आक्षेप असा, की ब्रूअर दर आठवड्याला नवी बिअर लावू शकतो, द्राक्षाचा हंगाम मात्र वर्षातून एकदाच येतो. माती, ऊन, पाऊस यांचं त्याला काय कळणार? आक्षेप खरा आहे. कोणत्या मळ्यातलं कोणतं वर्ष चांगलं, हे वाइनच्या माणसालाच विचारावं. पण या दोन जगांत भिंत आहे, हे मात्र खरं नाही. कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर ब्रूइंग १९९७ मध्ये सुरू केली ती कोर्बेल या फसफसती वाइन बनवणाऱ्या कंपनीने. तिचे ब्रूअर विनी सिलुर्झो यांच्या आईवडिलांची वायनरी होती, आणि त्यांची ‘सप्लिकेशन’ बिअर पिनो न्वार वाइनच्या वापरलेल्या पिंपांत मुरवतात.

दुसरा आक्षेप, की जाणकाराची जीभ वेगळीच असते. असते, पण लोक मानतात तितकी पक्की नाही. कॅलिफोर्निया राज्य मेळ्याच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली गेली, तेव्हा सुमारे १० टक्के परीक्षकांनाच तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीचे गुण देता आले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, किंमत न सांगता घेतलेल्या ६,००० हून अधिक चाचण्यांमध्ये, वाइनचं शिक्षण नसलेल्यांना महागडी वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. तेव्हा महाग तेच चांगलं, हाही समजच.

जुनी वाइन नेहमी सरस, या समजाला तर ब्रूअर मुळातच फसत नाही, कारण ताजेपणा हाच त्याच्या बहुतेक मालाचा प्राण. बहुतेक वाइन काही वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. वर्षानुवर्षं मुरवण्याजोगी थोडी. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्लाही थंड युरोपीय घरांतला, साधारण १६ ते १८ अंशांचा. नाशिकच्या मे महिन्यात ती आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागेल. शिफारस ब्रूअरची असो की सोमेलिएची, म्हणजे वाइनच्या जाणकार वाढप्याची, दुकानात बाटली हातात घेतल्यावर आधी लेबलवरचं वर्ष वाचा, मग ती उजेडात ठेवली होती की आडोशाला, ते बघा, आणि किंमत सर्वांत शेवटी.