हातात पॅडल, डोक्यात गैरसमज

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की पतंग आणि वीज आठवते. पण बोस्टनमध्ये पाण्याच्या सोबतीने वाढलेला हा गडी पट्टीचा पोहणारा होता. लहानपणी त्याने स्वतःसाठी लाकडाच्या दोन लंबगोल फळ्या बनवल्या होत्या. प्रत्येक फळी सुमारे १० इंच लांब आणि ६ इंच रुंद होती. चित्रकाराच्या पॅलेटला असतं तसं अंगठा अडकवायला भोक होतं. हात पुढे नेताना फळीची कड पाण्यात घालायची आणि मागे ओढताना सपाट बाजूने पाणी रेटायचं. पुढे एका फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रयोगाचा निकाल सांगून टाकला. वेग वाढला, पण मनगटं थकली. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल स्विमिंग हॉल ऑफ फेमने १९६८ साली फ्रँकलिनची नोंद केली आहे.

लाकूड गेलं, प्लास्टिक आलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो निकालाचा पहिलाच भाग. मुंबई-पुण्यातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत आज तळहाताएवढ्या चकतीपासून ताटलीएवढ्या फळीपर्यंत पॅडल्स मिळतात आणि बहुतेक हौशी पोहणारे हात घालतात तो मोठ्या मापालाच. जिममध्ये वजन वाढवत न्यायचं तसं पाण्यात पॅडल वाढवत न्यायचं, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. गडबड इथूनच सुरू होते.

मोठ्या पॅडलने जास्त ताकद येते, या समजुतीत तथ्य अर्धंच आहे. पाण्याचा रोध पॅडलच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो आणि हाताच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. खरेदी करताना क्षेत्रफळ डोळ्यांना फसवतं. पॅडलची लांबी आणि रुंदी दोन्ही फक्त २० टक्क्यांनी वाढवली तरी क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. दुकानात ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’ शेजारी ठेवले तर फरक दोन-तीन सेंटीमीटरचा दिसतो, खांद्याला मात्र भार जवळजवळ दीडपट जाणवतो. शिवाय पॅडल खांद्यापासून सर्वांत लांब, हाताच्या टोकाला असतं. तिथे वाढलेला प्रत्येक भार खांद्याच्या सांध्यावर हाताच्या लांबीइतक्या तरफेने येतो.

मग शरीर काय करतं? हात मंद फिरवतं. मोठं पॅडल लावलेल्याचे हात प्रति मिनिट कमी पडतात, एकेक हात लांब होतो आणि पाण्यातला हाताचा वेग उतरतो. लांब अंतराच्या पोहणाऱ्याला थोड्या प्रमाणात हे चालून जाईल. पण ५० मीटरच्या शर्यतीत अव्वल पोहणाऱ्यांचे दोन्ही हात मिळून मिनिटाला १२० च्या आसपास पडतात. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. ती अख्खी शर्यत २५ सेकंदांच्या आत आटोपते. अशा शर्यतीची तयारी करणाऱ्याने ताटलीएवढं पॅडल लावून रोज संथ, जड हात मारले, तर तो स्नायूंना शर्यतीत कधीच लागणार नाही अशी लय शिकवत बसतो.

दुसरी समजूत पोहण्याच्या श्रमांबद्दलची आहे आणि ती मोडते तेव्हा लोक चक्रावतात. पॅडल लावलं की पोहणं जड होतं, असं सगळेच धरून चालतात. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रीस्टाइल पोहणाऱ्यांना पॅडल्स लावून आणि न लावता एकाच वेगाने पोहायला लावलं. पॅडल असताना शरीराला खर्च कमी आला. कारण सोपं आहे. मोकळा हात पाण्यात मागे घसरतो आणि बरीचशी शक्ती पाणी मागे फेकण्यात वाया जाते. मोठा पृष्ठभाग कमी घसरतो, त्यामुळे तेवढ्याच श्रमात शरीर जास्त पुढे जातं. म्हणजे नेहमीच्या आरामशीर वेगाने पॅडल लावून दहा लॅप मारणाऱ्याचा व्यायाम वाढत नाही, घटतो. ताकद कमवायची तर पॅडलसह मुद्दाम जोर लावून पोहावं लागतं, आणि जोर लावला की खांद्याचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

घड्याळाचा भ्रमही यातूनच होतो. पॅडल लावून १०० मीटरची वेळ चार-पाच सेकंदांनी सुधारली की माणूस खूश होतो. पुस्तक उघडं ठेवून दिलेल्या परीक्षेच्या मार्कांना जेवढी किंमत, तेवढीच या वेळेला. ती वहीत टिपायला हरकत नाही, पण पॅडलशिवायच्या वेळेशेजारी मांडू नये. स्पर्धेत तर पॅडल चालतच नाही. वेग, तरंगणं किंवा दमसास यांना मदत करणारं कोणतंही साधन वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांनुसार वर्ज्य आहे. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं असतं, तिथेही पॅडल आणि फिन्स बाद. आठवड्याचे सगळे लॅप पॅडल आणि पुलबॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा) यांच्या आधाराने काढलेल्या नवख्याला मिरामारच्या पाण्यात पहिल्या दोनशे मीटरांतच आपले हात रिकामे असल्याची जाणीव होते.

आता खांदा. ‘पॅडलने खांदे मजबूत होतात’ आणि ‘पॅडलने खांदे जातात’ ही दोन्ही वाक्यं एकाच तलावावर, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. मुळात पोहणाऱ्याचा खांदा पॅडलशिवायही कष्टाचाच असतो. २५ मीटरच्या तलावात एका लॅपला दोन्ही हात मिळून २० वेळा पडत असतील, तर तीन किलोमीटरच्या सरावात ते २,४०० वेळा पडतात, म्हणजे प्रत्येक खांदा १,२०० वेळा डोक्यावरून फिरतो. केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ साली ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव रूढ केलं, ते याच कष्टातून येणाऱ्या खांदेदुखीला. खांद्यातल्या रोटेटर कफ या चार स्नायूंपैकी वरच्या स्नायूचा कंडरा हाडाच्या छताखालच्या अरुंद जागेतून जातो. हात वर आणि आतल्या बाजूला वळलेला असताना ही जागा आणखी आकसते.

खांद्यावरचा ताण तीन चुकांमुळे वाढतो. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी खुपसणं, हात डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडून पलीकडे टाकणं, आणि पाणी पकडताना कोपर खाली पाडणं. मोकळ्या हाताने या चुका वर्षानुवर्षं खपतात, कारण पाणी हातावरून निसटून जातं. पॅडल पाण्याला निसटू देत नाही. चुकीच्या कोनातला तोच हात आता जास्त भाराखाली, तितक्याच वेळा, तसाच चुकत राहतो. पॅडल चूक पैदा करत नाही, ती वाढवून खांद्याच्या हवाली करतं. हात नीट पडत असेल तर हेच पॅडल खांद्याभोवतीच्या आणि पाठीच्या स्नायूंना चांगलं कामाला लावतं. म्हणून पॅडल चांगलं की वाईट यापेक्षा कुणाच्या हातात आणि कोणत्या मापाचं, हे विचारलेलं बरं.

चूक पकडण्याचा स्वस्त उपाय खरं तर पॅडलमध्येच आहे, पण तो लोक स्वतःच्या हाताने बंद करतात. नव्या पॅडलला मधल्या बोटासाठी एक रबरी नळी असते आणि मनगटासाठी दुसरी. घरी आणल्या आणल्या दोन्ही करकचून आवळल्या जातात; सुटलं तर काय, ही भीती. अनुभवी प्रशिक्षक मनगटाची नळी आधी काढून टाकायला सांगतात. फक्त मधल्या बोटावर टिकलेलं पॅडल हात नीट असेल तोवर पाण्याच्या दाबानेच तळहाताला चिकटून राहतं. हात तिरका शिरला, मनगट मुडपलं किंवा मांडीजवळ येण्याआधीच हात वर उचलला, की पॅडलची एक कड तळहातापासून सुटते, थरथरते, कधी साफ निसटते. तलावावर कुणाचं पॅडल दर लॅपला निसटत असेल तर शेजारचे त्याला नळी घट्ट करायचा सल्ला देतात. खरं तर हात कुठे बिघडतोय ते त्या क्षणी नेमकं कळत असतं. ही सूचना दाबून टाकायची म्हणजे पॅडलचा निम्मा उपयोग फेकून द्यायचा.

काही कंपन्यांनी याच तत्त्वावर पॅडल्स घडवली. ‘फिनिस’चं ‘ॲजिलिटी’ हे पॅडल पट्टीविनाच असतं, त्यात नुसतं अंगठ्याचं भोक. याच कंपनीच्या ‘फ्रीस्टाइलर’ला तळाशी एक छोटं उभं पातं असतं. हात सरळ शिरून पुढे नीट लांबावा एवढंच त्याचं काम, ताकदीशी त्याचा संबंध नाही. आणखी एक प्रकार तर उफराटा आहे. ‘पीटी’ पॅडलची पाण्याकडची बाजू फुगीर असते, त्यामुळे तळहाताची पकड वाढण्याऐवजी कमी होते. हात निरुपयोगी झाल्यासारखा वाटतो आणि पोहणाऱ्याला नाइलाजाने कोपरापासूनच्या हाताने पाणी धरायला शिकावं लागतं. फ्रीस्टाइलमध्ये पुढे ढकलण्याचं काम एकटा पंजा करत नाही, मनगट ते कोपर हा भागही पाणी रेटत असतो, हे या पॅडलने जितकं लवकर कळतं तितकं कुठल्या व्याख्यानाने कळणार नाही. बोटांपुरती छोटी ‘फिंगर पॅडल्स’ही मिळतात. नवख्यासाठी, आणि खांदा एकदा दुखून गेलेल्यासाठी, सुरुवात तिथूनच करणं शहाणपणाचं.

पॅडलवरची भोकं शोभेची नसतात. त्यांतून थोडं पाणी जातं, रोध किंचित घटतो आणि पाण्याचा स्पर्श तळहाताला मिळत राहतो. सपाट, बिनभोकाच्या फळीवर तो स्पर्श हरवतो. जाता जाता बोटांचीही एक गोष्ट. ‘बोटं घट्ट मिटून पोहा’ असं शाळेपासून सांगितलं जातं. २००९ च्या एका अभ्यासात मात्र बोटं किंचित, साधारण १२ अंशांनी, फाकलेली असताना हाताची पाण्यावरची पकड वाढलेली दिसली. सैल सोडलेला हात आपोआप जसा राहतो, जवळपास तसाच. पॅडल काढल्यावर पंजा ताठ फळीसारखा धरायची सवय कित्येकांना लागते, ती मोडायला हवी.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांचा उत्साह प्रशिक्षकांच्या पुढे धावतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात बाबांचं जुनं पॅडल हे दृश्य दुर्मीळ नाही. मुलाचा पंजा लहान, खांद्याचे स्नायू कच्चे आणि हाताचं वळण अजून घडत असलेलं, अशा वेळी प्रौढ मापाचं पॅडल मुलाच्या नाही, पालकाच्या हौसेचं असतं. द्यायचंच तर मुलाच्या पंजाच्या मापाचं, प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि मोजक्या लॅपपुरतं.

पॅडल निवडताना ‘एस-एम-एल’ अक्षरांवर भरवसा ठेवू नये, कंपनीगणिक मापं बदलतात. दुकानात पंजा पॅडलवर ठेवून पाहावा. पहिल्या खरेदीत पॅडल पंजाच्या चहूबाजूंनी थोडंसंच बाहेर आलेलं पुरे. पाण्यातली कसोटी याहून चांगली. पॅडलशिवाय २५ मीटरला हात मोजायचे, मग पॅडल लावून मोजायचे. २२ चे १९-२० झाले आणि लय टिकली, तर माप ठीक. २२ चे १५ झाले आणि प्रत्येक हातानंतर शरीर थबकू लागलं, तर पॅडल मोठं आहे, मग ते कितीही महागाचं असो. सरावाच्या पाव भागापेक्षा जास्त लॅप पॅडलवर काढू नयेत. दीड किलोमीटर पोहणाऱ्याला सुरुवातीला दोनशे-तीनशे मीटर पुष्कळ, तेही अंग गरम झाल्यावर. प्रत्येक तुकड्यानंतर लगेच ५० मीटर मोकळ्या हाताने पोहावं, कारण पॅडलने शिकवलेली पकड हातात उतरते ती त्याच ५० मीटरांत. गर्दीच्या बॅचला, जिथे एका लेनमध्ये आठ-दहा जण असतात, तिथे पॅडल पिशवीतच राहू द्यावं. त्याची कडक कड शेजाऱ्याच्या भुवईवर बसायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाठीचे आणि दंडाचे स्नायू आंबले, तर घाबरण्याचं कारण नाही. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणारी कळ आली, तर पॅडल त्याच लॅपला उतरवा. पॅडलशिवायही ती कळ आठवडाभर टिकली, तर माप बदलत बसू नका, फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा.