खाण होणार म्हणता? मग दुसरी वाट कोणती, हे विचारा



विहीर खणायची झाली तर आपण पहिल्याच जागी कुदळ मारीत नाही. दोन-तीन जागा पाहतो, खर्च विचारतो, शेजाऱ्याचे पाणी तर ओढले जाणार नाही ना, हेही पाहतो. मोठ्या प्रकल्पाबाबत हाच विचार हवा.

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड घ्या. हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण प्रथम उघडी होती. खनिज खोल गेल्यावर भुयारी खाणीचे काम हाती घेण्यात आले. उघड्या खाणीला वरची जमीन फार लागते. भुयारी खाणीला जमीन कमी लागते, पण आतले पाणी सतत उपसावे लागते. त्याने भोवतालच्या विहिरी उतरू शकतात.

शंभर किलो खनिजातून तांबे मिळते जेमतेम एक-दीड किलो. बाकीच्या दळलेल्या दगडाचा गाळ होतो. त्यातील गंधकाला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते. ते नाल्यात उतरले तर धानाच्या बांध्यांपर्यंत पोचू शकते. हा गाळ बांध घालून वर साठवता येतो, किंवा सिमेंट मिसळून भुयारातील पोकळीत परत भरता येतो. दुसऱ्या रीतीला खर्च अधिक, पण वर गाळ कमी उरतो. म्हणजे ‘खाण हवी की नको’ एवढाच प्रश्न नसतो.

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालात पर्यायांचा विचार असतो. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. अहवालाचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात पाहता येतो; आपल्याकडे तो हिंदीत असतो. सुनावणीला अमुक इतकी माणसे हवीत, अशी अट नाही. आपण घरी बसलो तरी ती पार पडते!

म्हणून आम्ही सुचवितो: विहिरीची पातळी वैशाखात मोजून वहीत लिहा. जनावरे कोणत्या नाल्यावर पाणी पितात, तेही लिहा. सुनावणीत तीन प्रश्न विचारा. दुसरी जागा वा रीत कोणती पाहिली? प्रकल्प झालाच नाही तर काय होईल? लाभ कोणाला, हानी कोणाला, आणि किती वर्षे?

रोजगारही तराजूत घाला. आपल्या मुलांना तो हवा आहे. पण दुसऱ्या पारड्यात पाणी आणि जमीनही असू द्या. एकदा खणलेली जमीन पूर्वीसारखी होत नाही. विचारायचे ते आधीच विचारलेले बरे.